वाघमाऱ्यांचं न उघडलेलं पाकीट

नाणी जमवणाऱ्या माणसाकडे नाण्यांपेक्षा जास्त काही साठत असेल, तर तो संताप. नाणी निदान कपाटात ठेवता येतात. संताप कुठे ठेवणार? तो चारचौघांत बसून सांगावा लागतो. एकानं सुरुवात केली की शेजारचा म्हणतो, "हे काहीच नाही, माझं ऐका!" मग तिसरा सरसावतो. आमच्या मंडळात गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

मंडळ म्हणजे आम्ही पुण्यातले नाणेवाले. महिन्यातून एका रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला मिळतो. तिसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं आणि आपापल्या डब्या उघडायच्या. मी देवधर, भोसरीतल्या एका कारखान्यात हिशेबनीस. मंडळाचा नियम एकच. दुसऱ्याचं नाणं बघताना हात मागे बांधायचे. शाळेचा वर्ग असल्यामुळे ते शोभूनही दिसतं.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टांकसाळ काही नाणी बाजारात न सोडता खास पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून विकते. त्या पुठ्ठ्यात किंचित गंधक असतो. चांदीचं नाणं वर्षानुवर्षं त्यात पडून राहिलं की त्यावर हळूहळू रंग चढतो. कडेला मधासारखा सोनेरी, मग वांग्याच्या सालीचा जांभळा, मधोमध निळा. आम्ही त्याला टोन म्हणतो. असं नाणं मूळ पाकिटासकट मिळणं म्हणजे भाग्य! आणि जगातला प्रत्येक पाहुणा ते बघून एकच वाक्य बोलतो, "अरेरे, काळं पडलं हो!"

काळं पडलं! सूर्यास्ताला कुणी काळं पडलं म्हणतं का?

असं नाणं टूथपेस्टनं घासून 'साफ' करणाऱ्यांचे किस्से मी सांगत नाही. ते प्रत्येकाकडे आहेत.

हे सगळं ज्यांच्यामुळे आठवलं ते वाघमारे. पाटबंधारे खात्यात होते. शांत माणूस. त्यांच्याकडे एक पाकीट होतं, ते त्यांच्या वडिलांनी टांकसाळीकडून मागवलेलं. वडील खडकीला कारखान्यात कामाला. मनिऑर्डर करून कित्येक महिने वाट बघितली. एक दिवस रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं, तेव्हा अख्खी चाळ गोळा झाली. "उघडा, उघडा!" म्हणून सगळ्यांनी गिल्ला केला. वडील म्हणाले, "उघडलं की ठेवा राहत नाही, सुटी चिल्लर होते." आणि बुद्धाच्या तसबिरीखालच्या ट्रंकेत ते ठेवून दिलं. मागे टांकसाळीचं सील, पुढे पारदर्शक कागदाची खिडकी, खिडकीत चांदीचं नाणं. वडील गेले, नाण्यावर मधोमध निळा टोन चढला, सील तसंच राहिलं. वाघमारे म्हणायचे, "देवधर, माझ्या हातून हे फाटू नये, एवढंच बघायचंय."

एवढंच! पुण्यात राहून!

*

आमचे मराठे हे मंडळाचे चिटणीस. कामाचा उरक दांडगा, विचाराचा कमी. तेव्हा प्रत्येक एसटीडी बूथच्या शेजारी झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या शेजारी लॅमिनेशन अशी दुकानं निघाली होती. पुणेकरांनी तर धडाकाच लावला. मार्कशीट लॅमिनेट, रेशनकार्ड लॅमिनेट, लग्नपत्रिकासुद्धा लॅमिनेट. मराठ्यांच्या डोक्यात आलं, आपलं नाण्याचं पाकीट का नको?

गेले की दुकानात! त्या माणसानं बिचाऱ्यानं आधी विचारलं होतं, "आत काय आहे?" मराठे म्हणाले, "कागदपत्रं." नाण्यासकट ते पाकीट गरम रोलरमध्ये शिरलं आणि मध्येच अडकलं. करकर आवाज, जळका वास, दुकानदाराच्या तोंडची भाषा मी इथं देत नाही. स्क्रू काढून रोलर सैल करून ते बाहेर काढलं. पारदर्शक खिडकी वितळून नाण्याला चिकटली होती. राजमुद्रेचे सिंह कुठे संपतात आणि प्लास्टिक कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

ही वस्तू मराठ्यांनी रविवारी मंडळात आणली. खाली मान घालून नव्हे बरं का! बाकावर आपटून दाखवली. "आता वरून पाण्याची बादली ओता, काही होणार नाही!"

मी म्हटलं, "मराठे, नाण्याचा खून झालाय हा."

तर म्हणतात, "असं कसं? ओरिजिनल पॅकिंग आतच आहे ना!"

त्या दिवसापासून वाघमारे आपलं पाकीट दाखवायला आणत, तेव्हा मराठ्यांच्या शेजारी बसत नसत.

*

जुन्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याची गोष्ट. मला पैशांची नड होती म्हणून एक टोन आलेलं नाणं पाकिटासकट त्याच्याकडे घेऊन गेलो. त्यानं भिंग लावलं, जीभ टाळ्याला लावून च्यॅक केलं आणि म्हणाला, "साहेब, डाग आहे."

मी म्हटलं, "डाग नाही, टोन आहे."

"तुमच्याकडे टोन असेल. गिऱ्हाईक डागच म्हणतं."

नड माझी होती. त्यानं दिलं ते घेतलं आणि चरफडत घरी आलो. पुढच्या रविवारी त्याच रस्त्यानं जात होतो. माझं नाणं काचेच्या पेटीत, खाली मखमल, वर छोटा दिवा आणि शेजारी पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात पाटी: 'दुर्मिळ इंद्रधनुषी नाणे. हात लावू नये.'

मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "डाग कुठं गेला?"

हा माणूस मला न ओळखल्यासारखं करून म्हणतो, "काका, तुम्हाला यातलं कळत नसेल तर जरा बाजूला व्हा, मागे गिऱ्हाईक आहे."

*

मग इंटरनेट आलं. वाघोलीत फ्लॅट झाले, फ्लॅटमध्ये सॉफ्टवेअरची मुलं आली आणि त्यातला एक आमच्या मंडळात आला. वानखेडे, मूळचा वर्ध्याचा. हुशार मुलगा, पण घाई फार. अमेरिकेत टोन आलेल्या नाण्यांना मागणी आहे हे त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचलं. तो टोन कसा येतो, हेही वाचलं. अंड्याच्या बलकात गंधक असतो, हेही वाचलं. फक्त लाज वाटली पाहिजे, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

पठ्ठ्यानं एक चकचकीत चांदीचं नाणं घेतलं, उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद केलं आणि फ्रीजवर ठेवून दिलं. संध्याकाळी नाणं रंगीत! ते त्यानं एका जुन्या रिकाम्या पाकिटात सरकवलं आणि रविवारी आमच्यापुढे मांडलं. रंग झकास होता, खोटं कशाला बोलू? आम्ही सगळे हात मागे बांधून वाकलो. वाघमारे जरा जास्तच वाकले. मग सरळ झाले आणि हळूच म्हणाले, "वानखेडे, तुमचं नाणं सोललंय का नीट? वास येतोय."

वर्ग हसून लोळला. मला मात्र हसू येईना. मी म्हटलं, "अरे, त्या पुठ्ठ्यानं पंचवीस वर्षं खपून जे केलं, ते तू एका दुपारी उरकलंस?"

"काका, फरक काय पडते?" वानखेडे म्हणाला. "रंग तं आलाच नं!"

मी बोलणार होतो बरंच, पण त्यानं आधीच पुढचं सांगितलं. त्याच्या खोलीतल्या मित्रानं ऑफिसमधून आल्यावर डबा उघडून ते अंडं खाल्लं होतं. मित्राचं म्हणणं एवढंच, की अंडं बरं होतं, मीठ विसरलास.

*

ह्याच वानखेड्यानं पुढं वाघमाऱ्यांच्या मागे लकडा लावला. अमेरिकेत म्हणे अशा कंपन्या आहेत, ज्या नाणं तपासतात, गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करून पाठवतात. "काका, तुमच्या नाण्याले टॉप मार्क भेटतीन! माझा प्रोजेक्ट मॅनेजर चाललाच आहे तिकडे."

वाघमाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि पाकीट?"

"ते कापाच लागते नं. नाणं बाहेर काढल्याशिवाय डबीत कसं जाईन?"

"मग पाकिटाचं काय करतात?"

"टाकून देतात. पण आपण आधी फोटो काढून ठेवू ना! स्कॅन करतो मी, हाय रेझोल्यूशन."

मी ताडकन उठलो होतो. वाघमाऱ्यांनी मला हातानं खाली बसवलं आणि त्या मुलाला अगदी मायेनं विचारलं, "तुझ्या घरी आजोबा आहेत का रे?"

"आहेत."

"त्यांचा फोटो आहे?"

"आहे नं."

"मग?" वाघमारे म्हणाले.

वानखेड्यानं अमेरिकेचं बोलणं सोडून दिलं. चांगला मुलगा होता, कळलं त्याला. पुढच्या रविवारी येताना आमच्यासाठी संत्रा बर्फी घेऊन आला. मराठे मात्र मध्येच म्हणाले, "पण स्कॅन केलेला लॅमिनेट करता येईल." मी अजून त्यांच्याशी बोलतो, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना आहे.

*

बाहेरच्यांचं सोडा, वाघमाऱ्यांना घरच्यांनीही सोडलं नाही. त्यांची सासुरवाडी लोणी काळभोर. मेहुणा बागाईतदार, बोलायला फटकळ. एकदा तो पुण्यात त्यांच्या घरी आला आणि वाघमाऱ्यांनी हौसेनं ट्रंकेतून पाकीट काढून दाखवलं. मी तिथेच होतो. मेहुण्यानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"दाजी, आत खरंच नाणं हाय, का नुसता फोटू हाय?"

"खरं आहे. दिसतंय की खिडकीतून."

"खिडकीतून तर शेजारच्याची म्हस बी दिसती. ती काय आपली हाय व्हय?"

वाघमाऱ्यांच्या सौभाग्यवतींनी तोंडाला पदर लावला. मी चिडून म्हटलं, "अहो पाव्हणं, ते उघडायचं नसतं. न उघडण्यातच त्याची किंमत आहे."

"आसं?" मेहुणा माझ्याकडं बघून म्हणाला. "मग रिकामंच मागवायचं की. सस्तात पडलं आसतं."

मला त्या माणसाचा इतका राग आला की मी चहाही अर्धा टाकला. वाघमारे मात्र हसत होते. पाकीट ट्रंकेत ठेवताना त्यांनी खिडकीवरून एकदा अंगठा फिरवला. कागदावरूनच.

*

आणि आता ते प्रदर्शन.

मंडळाचा रौप्यमहोत्सव आला. स्वारगेटजवळ एक हॉल घेतला. प्रमुख पाहुणे कोण, यावर दोन रविवार भांडण झालं आणि शेवटी मराठ्यांनी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे मालक ठरवून टाकले. माणूस सज्जन. पण त्या काळात पुण्यात कुणी जरा यशस्वी झाला की लोक त्याला पुस्तक प्रकाशनाला बोलवायचे. हे गृहस्थ दर आठवड्याला एखादं तरी प्रकाशन उरकत. लेखक कवी असो, वैद्य असो, नाहीतर पाककृतीवाल्या बाई असोत. रंगीत कागदात बांधलेला गठ्ठा पुढे यायचा, हे तो फाडायचे, पुस्तक छातीशी आडवं धरायचे आणि फोटोकडे बघून हसायचे. हाताला वळणच पडलं होतं.

प्रदर्शनाचं मुख्य आकर्षण म्हणजे अर्थातच वाघमाऱ्यांचं पाकीट. ते द्यायला तयार नव्हते. मीच त्यांना म्हटलं की काचेच्या पेटीत राहील, किल्ली तुमच्याच खिशात. तेव्हा कुठे कबूल झाले. पण मराठ्यांना ऐन वेळी कल्पना सुचली, की पाहुण्यांच्या हस्ते पाकिटाचं अनावरण करू! तबक आणलं, मखमल घातली, वर पाकीट, त्यावर रेशमी रुमाल. पाहुण्यांनी रुमाल उचलायचा, टाळ्या, की पाकीट परत पेटीत. वाघमाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्या रांगेत बसलेले, माइक सुरू झालेला. नाही म्हणायला सवड कुठे होती? त्यांनी पेटीची किल्ली काढून दिली.

आता ऐका. दाराशी फीत कापली, ती कात्री मराठ्यांनी कुठे ठेवावी? त्याच तबकात!

निवेदिकाबाई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या शुभहस्ते..." पाहुण्यांनी रुमाल उचलला. खाली पाकीट. शेजारी कात्री. पुढे कॅमेरा. गृहस्थांनी क्षणाचाही विचार केला नाही. सराईतपणे कात्री घेतली, सीलच्या बाजूनं आत घातली आणि कच्चकन पाकीट कापलं. कापून थांबले नाहीत, दोन्ही हातांनी फाडलं. आत पुस्तक नाही म्हटल्यावर जरा गोंधळले. मग नाणं बोटांनी ओढून काढलं, अंगठा बरोबर त्या निळ्या रंगावर दाबून उंच धरलं आणि हसले. फ्लॅश उडाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

आणि आम्ही? आम्ही मंडळाचे लोक व्यासपीठाच्या बाजूला ओळीनं उभे होतो. नाणं समोर आलं म्हणून सगळ्यांचे हात सवयीनं मागे बांधलेले! वानखेडे तेवढा "अरे बाप्पा!" म्हणून ओरडला.

पाहुण्यांनी नाणं जवळ धरून बघितलं. "थोडं काळं पडलंय," माइकवर म्हणाले, "पण काळजी करू नका. आमच्या कंपनीतर्फे पॉलिश करून देऊ." पुन्हा टाळ्या.

मला काय झालं ते मला माहीत नाही. मी व्यासपीठावर चढलो. म्हटलं, "साहेब, बाळंतविड्यासारखं फाडायला ती काय भेटवस्तू आहे? ह्यांच्या वडिलांनी जपलेलं सील होतं ते!" मराठे मला मागून ओढत होते. पाहुण्यांचा चेहरा पडला. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. "सॉरी, सॉरी, कुणाचं आहे?" म्हणत ते खाली उतरले आणि नाणं वाघमाऱ्यांपुढं धरलं.

मी वरूनच ओरडलो, "वाघमारे, कडेनं! कडेनं धरा!"

वाघमाऱ्यांनी हात पुढं केला, सबंध पंजा. पाहुण्यांनी नाणं त्यावर ठेवलं आणि वाघमाऱ्यांनी मूठ मिटली.

पुढं भाषण झालं. तरुणांनी छंद जोपासावेत वगैरे. लोक टाळ्या वाजवत होते. वाघमारे तसेच बसून होते, मूठ मांडीवर.

मी पाकिटाचे तुकडे गोळा करत होतो. पुठ्ठ्याच्या चिंध्या, फाटलेली खिडकी, अर्धं सील, सगळं रुमालात घेतलं. पाकिटावरची, वाघमाऱ्यांच्या वडिलांचं नाव टाइप केलेली पट्टी व्यासपीठाच्या फळीत अडकली होती, तीही काढली. पोलिसात जावं, पेपरात लिहावं, मराठ्यांना चिटणीसपदावरून काढावं, असं काय काय डोक्यात चाललं होतं.

चहाच्या वेळी वाघमाऱ्यांना गाठलं. ते खिडकीपाशी उभे होते, कप डाव्या हातात. मी रुमाल उघडून दाखवला. म्हटलं, "सगळे तुकडे आहेत. एक जाणकार आहे ओळखीचा, पुठ्ठा जुळवून देईल. नाणं आधी कागदात ठेवा. घामानं रंग जाईल हो, बोटांचे ठसे कायमचे उठतील! ऐकताय ना?"

वाघमाऱ्यांनी कप खिडकीत ठेवला. माझा हात ओढला, उताणा केला आणि मूठ उघडून नाणं माझ्या तळहातावर ठेवलं.

"धरून बघा, देवधर," ते म्हणाले. "गरम झालंय."